पुढील स्थानक कसबा पेठ

अकोला नव्हे, अकोले. विदर्भातलं शहर वेगळं आणि प्रवरेच्या काठचं आमचं गाव वेगळं. हा खुलासा करण्यात आमच्या तालुक्यातल्या माणसाचं निम्मं आयुष्य जातं. आमच्याकडे भंडारदरा आहे, हरिश्चंद्रगड आहे, कळसूबाई आहे. रेल्वे मात्र नाही. पुणे-नाशिक रेल्वेची चर्चा ऐकत आमच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. मध्यंतरी गाडी संगमनेरवरून जाणार असं ठरलं होतं. मग नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून त्या आखणीवर फुली पडली. आता ती कुठून जाणार यावरून मोर्चे निघतात. त्यामुळे अकोल्याचा माणूस पुण्याला निघाला की तो एसटीनंच निघतो. संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, चाकण करत शिवाजीनगरच्या स्टँडवर उतरायचं. लहानपणी आमच्यासाठी पुणे म्हणजे तो स्टँड आणि तिथून अर्ध्या तासाच्या पायपिटीवरचं खालाचं घर.

खाला कसबा पेठेत राहायची, कागदीपुऱ्यात. अम्मी, मी आणि एक वळकटी असे आम्ही स्टँडवरून चालत निघायचो. पूल ओलांडताना मुठेचा वास यायचा, तो आला की घर जवळ आलं हे कळायचं.

२०१९ च्या अखेरीस शिवाजीनगरचा स्टँड वाकडेवाडीला हलवला गेला. कारण त्याच्या पोटात मेट्रोचं स्थानक बांधायचं होतं. तेव्हापासून नगर जिल्ह्याच्या उत्तर भागातून येणारा प्रवासी वाकडेवाडीत उतरतो. मी एक युक्ती शोधली आहे. एसटीतून नाशिक फाट्यालाच उतरायचं आणि तिथून मेट्रो धरायची. गाडी कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी, बोपोडीपर्यंत डोक्यावरून चालते. शिवाजीनगरच्या अलीकडे ती हळूहळू जमिनीत शिरते, खिडक्या काळ्या होतात आणि डब्यातले लोक एकदम आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागतात. शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, आणि मग ती घोषणा होते. पुढील स्थानक कसबा पेठ.

पहिल्यांदा ही घोषणा ऐकली तेव्हा मी उगाच उठून उभा राहिलो. गाडी थांबायला अजून वेळ होता.

या स्थानकाचं नाव आधी हे नव्हतं. आराखड्यात, कामाच्या फलकांवर, बातम्यांमध्ये वर्षानुवर्षं ते ‘बुधवार पेठ’ होतं. स्थानक उभं राहिलं ते कसब्याच्या हद्दीत, फडके हौदाच्या परिसरात, म्हणून नाव बदलून कसबा पेठ झालं. नाव बदलाचं म्हटलं की आजकाल आपले कान टवकारतात. माझ्या जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं, तेव्हा ओळखीच्या किती जणांनी मला मुद्दाम फोन करून ‘आता कसं वाटतंय?’ विचारलं, ते सांगत नाही. या स्थानकाच्या नावाचं मात्र कुणाला काही वाटलं नाही. बुधवार काय, कसबा काय, दोन्ही आपलेच. ते खरंही आहे. पण या दोन नावांच्या खाली किती नावं आहेत हे पाहायला लागल्यावर मी बराच खोल गेलो, म्हणून हा लेख.

‘कसबा’ हा अरबी शब्द. दख्खनच्या सुलतानी महसूल कारभारात परगण्याचं मुख्य ठिकाण म्हणजे कसबा, आणि बाकीची गावं म्हणजे मौजे. दोन्ही शब्द अरबी. सातबारा काढून पाहा, तुमच्या शेताच्या वर आजही ‘मौजे’ लिहिलेलं सापडेल. जुन्या कागदांत ‘कसबे पुणे’ असंच येतं. म्हणजे पुणं आधी कसबा होतं आणि भोवती पेठा वाढत गेल्यावर मूळ गावठाणालाच कसबा पेठ म्हणू लागले. ‘पेठ’ हा शब्द दक्षिणेचा, कानडीतही तो आहे. मेट्रो युरोपातून आली. स्थानक संस्कृत. ‘कसबा पेठ मेट्रो स्थानक’ एवढ्या चार शब्दांत चार भाषा बसल्या आहेत, आणि कुणी कुणाला उठ म्हणत नाही.

बुधवारचीही गंमत आहे. औरंगजेब १७०३ मध्ये काही महिने पुण्यात मुक्कामाला होता. कामबक्षाचा मुलगा, म्हणजे बादशहाचा नातू, मुही-उल-मिल्लत इथं वारला. त्याच्या नावावरून पुण्याला मुहियाबाद हे नाव दिलं गेलं, आणि बुधवार पेठेचं जुनं नाव म्हणून तेच सांगितलं जातं. शनिवार पेठेचं जुनं नाव मुर्तजाबाद. शुक्रवार पेठेचं विसापूर. पेशवाईत या पेठा वाढल्या, बाजाराच्या वारांची नावं रूढ झाली आणि आधीची नावं कागदात राहिली. मुहियाबाद हे नाव लोकांनी कधी मनापासून वापरलं असेल असं मला वाटत नाही. बादशहाच्या दुःखाचं ते नाव होतं, गावाच्या नव्हे. वाराचं नाव टिकलं, कारण बुधवारी बाजार भरत होता. हुकमानं दिलेलं आणि वापरानं पडलेलं अशी नावाची दोन कुळं असतात, आणि त्यातलं दुसरंच चिवट असतं, असा माझा आपला अंदाज आहे. नगरच्या बाबतीत तो खरा ठरतो का ते पुढच्या पन्नास वर्षांत कळेल. आमच्या एसटीतले लोक तर निजामशाहीपासून आजपर्यंत नुसतं ‘नगर’च म्हणत आलेत.

नगरचं आणि कसब्याचं नातं पुण्याच्या माणसाला फारसं आठवत नाही. पुणे आणि सुपे हे परगणे मालोजी भोसल्यांना जहागीर मिळाले ते अहमदनगरच्या निजामशहाकडून. त्या निजामशाहीचा पाया घातला मलिक अहमदनं, आणि त्याचं पहिलं ठाणं होतं जुन्नर, म्हणजे आमच्या तालुक्याच्या डोंगरापलीकडचं गाव. पुढे १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं हेच कसबे पुणे जाळलं आणि गाढवाचा नांगर फिरवला. जाळणारा सरदार ब्राह्मण, त्याचा धनी विजापूरचा सुलतान, आणि ज्याच्या जहागिरीवर नांगर फिरला ते शहाजीराजे तोवर निजामशहा, मुघल असे धनी बदलत आलेले. ही लढाई कोणत्या धर्माची म्हणून शाळेच्या फळ्यावर लिहायची? त्या उजाड कसब्यात जिजाबाईंनी आणि दादोजी कोंडदेवांनी पुन्हा वस्ती केली, लाल महाल उठला, कसबा गणपती गावाचं दैवत झालं. मेट्रोच्या जिन्यावरून वर आलात की हे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आणि दोन दर्गेही आहेत. थोरला शेख सल्ला आणि धाकटा शेख सल्ला.

इथं मला थांबून बोलायला हवं, कारण अनेक जण नेमके याच ठिकाणी विषय बदलतात. १८८५ च्या पुणे गॅझेटिअरात नोंद आहे की यादवांच्या अखेरच्या काळात फकीर इथं आले आणि पुण्येश्वर व नारायणेश्वर या देवळांच्या जागी दर्गे झाले. त्याच गॅझेटिअरात बऱ्या नावाच्या अरब सरदारानं गावाला कोट बांधला अशीही परंपरा दिली आहे. पहिली नोंद हल्ली सगळ्यांना पाठ आहे, दुसरी कुणाला माहीत नाही. दोन्ही नोंदी घटनेनंतर जवळपास सहाशे वर्षांनी, लोकांनी सांगितलेलं ऐकून इंग्रज साहेबांनी करवून घेतलेल्या. त्या खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. आपल्याला अडचणीची नोंद नाकारायची आणि सोयीची उचलायची, हा इतिहास वाचायचा प्रकार मला आमच्या लोकांत आवडत नाही आणि दुसऱ्यांतही नाही. देऊळ होतं म्हणतात, असेल. पुढची पाचसहाशे वर्षं त्या जागेवर कोण कोण चादर घेऊन आलं, तेही झालेलंच आहे. मार्च २०२४ मध्ये दर्ग्याच्या बांधकामावर कारवाई होणार अशी बातमी पसरली आणि रात्री कसब्यात मोठा जमाव जमला. मी तेव्हा गावी होतो. खालाचा फोन आला, ती कोंढव्यातून बोलत होती, पण आवाज असा की जणू अजून कागदीपुऱ्याच्या ओट्यावरच बसली आहे. ‘निच्चे इत्तं खोद डाले, तब कोई नहीं आया,’ ती म्हणाली. त्या वेळी तिच्या जुन्या गल्लीच्या परिसरात मेट्रोचं काम शेवटच्या टप्प्यात होतं.

तिच्या बोलण्यात रागापेक्षा नवल जास्त होतं. खोदकाम झालं होतं खरंच. मुठा, मुळा आणि पवना या नद्यांची नावं दिलेली तीन यंत्रं जमिनीखाली सोडली होती. दोन बोगदे शेजारी शेजारी, प्रत्येक साधारण साडेसहा मीटर रुंद. यंत्र पुढं खडक कुरतडतं, मागं काँक्रीटच्या तुकड्यांचं कडं बसवतं, त्या कड्याला रेटा देऊन आणखी पुढं सरकतं. वर कुठं शंभर वर्षांचा वाडा, कुठं त्याहून जुनी भिंत. म्हणून घरांवर मापकं लावली होती, जरा हललं की कळावं म्हणून. मुठेच्या पात्राखालूनही बोगदा गेला. २०२० च्या टाळेबंदीत परप्रांतातले मजूर गावी निघून गेले, काम रेंगाळलं, मग पुन्हा धरलं. जून २०२२ मध्ये शेवटचं यंत्र याच स्थानकाच्या खड्ड्यात भिंत फोडून बाहेर आलं आणि बोगद्याचं काम संपलं. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा टप्पा सप्टेंबर २०२४ च्या २६ तारखेला सुरू व्हायचा होता, पण पावसानं कार्यक्रम रद्द झाला. तीन दिवसांनी दूरचित्र प्रणालीवरून उद्घाटन झालं. पुण्यात पाऊस नदीखालच्या गाडीलाही अडवतो.

खाली खोदताना काही सापडलं का, हा प्रश्न मी ओळखीच्या प्रत्येकाला विचारला. मंडईच्या खड्ड्यात मोठ्या जनावराची हाडं मिळाली होती, हत्तीची असावीत अशी चर्चा झाली. स्वारगेटला २०१९ मध्ये खोदकाम चालू असताना एक जुनं बांधीव भुयार लागलं आणि आठवडाभर वर्तमानपत्रांना विषय मिळाला. लोकांना वाटलं राजवाड्याचा गुप्त मार्ग. आपल्याकडे प्रत्येक भुयार कुठल्या तरी किल्ल्यालाच जातं. ते भुयार पाण्याचं होतं असं जाणकारांनी सांगितलं, आणि मला ते गुप्त मार्गापेक्षा जास्त आवडलं.

कारण पुण्याच्या पोटातून वाहतूक काही पहिल्यांदा होत नाही. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजला तलाव बांधवले आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत दगडी नळ आणला. नळ म्हणजे आजचा नळ नव्हे, माणूस आत चालू शकेल असा बांधीव बोगदा. अधूनमधून उच्छ्वास, म्हणजे हवा खेळायला आणि गाळ काढायला उभे धुराडे. पाणी उतारानं यायचं, कुठं पंप नाही, आणि वाटेत हौदांमध्ये पडायचं. पुण्यातले हौद तेव्हापासून प्रसिद्ध. हौद हाही अरबीच शब्द, मशिदीत वजू करायच्या पाण्याला आम्ही तोच म्हणतो.

हे तंत्र पुण्याला कुठून आलं? नानासाहेबांच्या कारागिरांनी नेमकं कुणाचं पाहून केलं हे सांगायला माझ्याजवळ कागद नाही. पण त्याच्या सव्वाशे वर्षं आधी मलिक अंबरनं खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, जमिनीखालून नहर आणली होती. हबशी गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला माणूस निजामशाहीचा वजीर झाला आणि त्यानं एका शहराला पाणी पाजलं. नहर-ए-अंबरी आजही त्याच्या नावानं ओळखली जाते. त्याही आधी नगर शहराला कापूरवाडी, भिंगार अशा भोवतालच्या गावांतून खापरी नळानं पाणी येत होतं, आणि फराहबागेतला महाल भर पाण्यात उभा होता तो त्याच पाण्यावर. दख्खनमध्ये जमिनीखालून पाणी खेळवायचं ज्ञान दोनअडीचशे वर्षं मुरलेलं होतं. ते एका दरबारातून दुसऱ्या दरबारात गेलं ते गवंड्यांच्या हातानं. गवंडी कुणाची चाकरी धरतो ते मजुरीवर ठरतं.

आता मेट्रोचा पुढचा टप्पा स्वारगेटहून कात्रजला जायचा आहे, तोही जमिनीखालून. त्याची पायाभरणी कसब्याच्या उद्घाटनाच्याच दिवशी झाली. पाणी ज्या दिशेनं आलं तिकडेच आता गाडी निघाली आहे. स्वारगेट या नावातला ‘स्वार’ घोडेस्वारांचा, असं सांगतात. तो मूळचा फारसी सवार. त्याला इंग्रजी गेट लागलं आणि पुणेकरांनी त्याचा इतका मराठी उच्चार केला की आता कुणी त्याचे दोन तुकडे करून बघत नाही.

मंडईचं पुराण थोडक्यात सांगतो. १८८६ मध्ये ती गव्हर्नरच्या नावानं रे मार्केट म्हणून उघडली. नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा फुले यांनी हा पैसा शिक्षणावर खर्च करा म्हणून या बांधकामाला विरोध केला होता, आणि पुढे त्याच इमारतीला त्यांचं नाव मिळालं. लोक मंडईच म्हणतात. 

आता कागदीपुरा. त्याचं नाव कुठल्याही स्थानकावर नाही, पण या लेखातलं मला सगळ्यात जवळचं तेच आहे.

कसब्यात प्रत्येक कारागिराची आपली आळी. कुंभारवाडा, तांबट आळी, आणि नदीच्या बाजूला कागदी. कागद करणारे ते कागदी, सगळे मुसलमान. जुन्नरकडून आले असं घरात सांगतात, आणि जुन्नरी कागदाचं नाव मोठं होतं हे तर दफ्तरं वाचणाऱ्या कुणालाही माहीत आहे. कागद करायचा तो जुन्या गोणपाटाचा, ताग्याच्या दोऱ्यांचा. गोणपाट कापून बारीक करायचं, चुन्यात भिजवायचं, पायानं चालणाऱ्या ढेगीखाली कुटायचं, मुठेच्या वाहत्या पाण्यात धुवायचं. पुन्हा चुना, पुन्हा कुटणं, पुन्हा नदी. असं कित्येक दिवस. मग हौदात तो लगदा कालवून काड्यांच्या चौकटीनं एकेक पत्रा उचलायचा, भिंतीवर चिकटवून सुकवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा. घोटला नाही तर बोरूची शाई फुटते. नदी जवळ हवी म्हणून वस्ती नदीकाठी. गॅझेटिअर लिहिलं गेलं तेव्हा कसब्यात हे कारखाने अजून धडपडत होते, पण गिरणीचा स्वस्त कागद येऊन त्यांचा दम निघत चालला होता.

पेशवे दफ्तरात आज कोट्यवधी कागद आहेत. वतनाचे, तंट्याचे, पगाराचे, देवस्थानच्या नंदादीपाच्या तेलाचे. हा हातकागद कुठून कुठून आला. काही जुन्नरचा, काही दौलताबादचा, काही याच गल्ल्यांतला. मराठेशाहीचा इतिहास ज्याच्यावर लिहिला गेला तो पत्रा घोटणाऱ्यांत आमच्या जमातीचे हात होते. हे सांगून मला कुणावर उपकार केल्याचा आव आणायचा नाही. कागद विकला, दाम घेतला, हिशेब मिटला. पण ‘तुम्ही लोक इथे कधी आलात?’ असं कुणी विचारलं की मला वाद घालावासा वाटत नाही. त्याला एखादा जुना कागद उजेडाकडे धरून दाखवावासा वाटतो. चौकटीच्या काड्यांच्या रेघा त्यात दिसतात.

खालाच्या सासरी कागदाचा धंदा तिच्या आजेसासऱ्याच्या वेळीच संपला होता. घोटायचा दगड मात्र घरात होता, मिरची वाटायच्या कामाला यायचा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ती लहान होती, मामाच्या घरी कसब्यातच. पाणी गल्लीत कसं वर चढत आलं, माणसं उंचावर कशी पळाली, नंतर चिखलात गाद्या, गहू, वह्या कशा एक झाल्या, हे ती दरवेळी नव्यानं सांगते. मुठेवर तिचा तेव्हापासून विश्वास नाही. पुढे कुटुंब वाढलं, दोन खोल्यांत तीन भावांचे संसार मावेनात, आणि पेठांतल्या कितीतरी मुसलमान घरांसारखं तेही कोंढव्याला गेलं. कुणी हाकललं नाही. मेट्रोनं तर नाहीच, ते त्याच्या खूप आधी झालं. जागा पुरली नाही एवढंच. पण त्यामुळे आता अशी गंमत झाली आहे की अकोल्याहून निघून कसब्यात पोचायला मला पूर्वीपेक्षा कमी कष्ट पडतात आणि तिथं माझं जायला कुणाचं घर नाही.

गेल्या हिवाळ्यात खालाला म्हटलं, चल, तुला तुझ्या गल्लीत नेतो. आधी नको म्हणाली, गुडघे दुखतात. सरकता जिना आहे म्हटल्यावर आणखीच नको म्हणाली. शेवटी लिफ्ट आहे यावर सौदा तुटला. कोंढव्याहून स्वारगेटपर्यंत बस, आणि तिथून खाली. गाडी मंडई सोडून कसब्याला आली, दार उघडलं, आणि ही उठेना.

‘अगला कौनसा?’

‘जिल्हा न्यायालय. नदीपार.’

‘नदी के उप्पर से?’

‘निच्चे से.’

ती काही बोलली नाही, पण माझं मनगट धरलं. गाडी सुटली. नदी आली कधी, गेली कधी, काचेत काहीच दिसत नाही. आपलंच तोंड दिसतं. मी वर बोट दाखवून म्हटलं, आता मुठा इथं आहे. तिनं छताकडे पाहिलं. चेहऱ्यावर असा भाव की जणू घरात पाणी शिरलं त्या दिवसापासूनची बाकी आज जरा फिटली. जिल्हा न्यायालयाचं स्थानक फार खोल आहे, जवळजवळ ३३ मीटर, तरी छताच्या उघड्या भागातून ऊन थेट फलाटापर्यंत येतं. आम्ही त्या उन्हात पाच मिनिटं बाकावर बसलो. तिनं पिशवीतून पानाचा डबा काढला, मी घाईनं परत ठेवायला लावला.

परतीची गाडी धरून कसब्याला उतरलो. लिफ्टनं वर आलो. बाहेर आल्यावर ती उभीच राहिली. समोर दुचाकींची रांग, एक नवी इमारत, एक पाडलेली. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. जिथं तिचं अख्खं तारुण्य गेलं तिथं तिला दिशा कळेना, कारण ती या गावात आजवर कधीच जमिनीखालून आली नव्हती. मीही गोंधळलो. तेवढ्यात चहाचा थर्मास घेऊन चाललेला एक मुलगा थांबला. वीसएक वर्षांचा, कपाळाला गंध.

‘कुठं जायचंय आजी?’

‘कागदीपुऱ्यात,’ खाला म्हणाली.

मला वाटलं त्याला हे नाव ठाऊक नसणार. त्यानं थर्मास एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, मोकळा हात करून गल्ली दाखवली आणि म्हणाला, ‘हे काय, इथंच. चला, मी तिकडंच चाललोय.’